पान दोनवरचं अधिकचिन्ह

दादाची फाइल मी जमिनीवर पसरली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. तिथून फोनवर एवढाच निरोप आला होता, "जुने असतील तेवढे रिपोर्ट आणा. लघवीचेही." ते 'लघवीचेही' माझ्या डोक्यात अडकून राहिलं. रक्ताचे रिपोर्ट आम्ही घरात सगळे मिळून वाचायचो, त्यावर बोलायचो, दादाला रागवायचो. लघवीचा रिपोर्ट म्हणजे त्याच्यामागे टाचलेलं दुसरं पान. ते उलटून पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

दादाला मधुमेह होऊन ११ वर्षं झाली, बीपीच्या गोळ्या सुरू होऊन ६. निष्काळजी माणूस नाही तो. वर्षातून एकदा सगळ्या तपासण्या करून घेतो आणि वहिनी ते कागद तारखेप्रमाणे लावून ठेवते. मी पाच वर्षांचे रिपोर्ट ओळीने मांडले. पहिल्या पानावर रक्त. मर्यादेबाहेरचे आकडे ठळक छापलेले, शेजारी वर किंवा खाली जाणारा बाण. दुसऱ्या पानावर काहीच ठळक नव्हतं. रंग फिकट पिवळा, स्वरूप स्वच्छ, आणि त्याखाली अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन. पहिल्या वर्षी 'निल'. दुसऱ्या वर्षी 'ट्रेस', म्हणजे अगदी किंचित. तिसऱ्या वर्षी एक अधिकचिन्ह. चौथ्या वर्षीही एक. पाचव्या वर्षी दोन.

आकडा नव्हता, म्हणून त्याला बाण मिळाला नव्हता. बारीक टायपात, पिवळ्या रंगाच्या आणि स्वच्छ स्वरूपाच्या खाली ती चिन्हं पाच वर्षं निमूट बसून होती. पाचही कागद हातात धरून मी बराच वेळ तशीच बसले.

त्याच पाच वर्षांतलं रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी लघवीवाटे बाहेर टाकते तो कचरा, आम्ही मात्र दरवर्षी पाहिलं होतं. १.०, १.०, १.१, १.२, १.४. वरची मर्यादा १.३ छापलेली. त्यामुळे चार वर्षं आम्ही "किडनी नॉर्मल" म्हणालो आणि पाचव्या वर्षी "जरासंच वर आहे" म्हणालो. या वर्षी ते १.९ आलं, त्यासोबत ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचा अंदाज, ४१ असं छापून आलं, आणि मग धावपळ सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते पाच कागद हातात घेतले आणि पहिली पानं न वाचताच उलटली. मी बघत होते. त्यांनी पेनने पाच गोल केले आणि म्हणाल्या, "लघवीने आधीच सांगितलं होतं. क्रिएटिनिन उशिरा सांगतं." मग जुन्या कागदांवरच, दादाचं त्या त्या वेळचं वय धरून, त्यांनी जुने ईजीएफआर काढून दिले. क्रिएटिनिन १.० होतं तेव्हा ९१. १.४ झालं तेव्हा ५९. म्हणजे जे आम्हाला 'जरासंच' वाटलं होतं, त्यात गाळण्याच्या ताकदीचा तिसरा हिस्सा निघून गेला होता. क्रिएटिनिनचा आकडा असाच फसवतो. सुरुवातीला किडनीचं मोठं नुकसान झालं तरी तो थोडासाच हलतो, आणि पुढे मात्र थोडक्या नुकसानाने भराभर चढतो. जी माणसं फक्त तो एकच आकडा बघतात, त्यांना उतार दिसतो तोवर अर्धा घाट उतरून झालेला असतो.

त्या दिवसापासून मी या विषयामागे लागले. आधी अपराधी वाटत होतं म्हणून, आणि नंतर खरोखर गुंतत गेले म्हणून.

बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, पाठीच्या बाजूला, मुठीएवढे दोन अवयव. एकेकाचं वजन साधारण १५० ग्रॅम. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या. प्रत्येक गाळणी म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, गुंतवळासारखा. या गुच्छांमधून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळून निघतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं पुढच्या नलिकांमधून परत रक्तात घेतलं जातं. उरतं ते दीड-दोन लिटर, तीच लघवी.

यातला प्रोटीनचा हिशोब मी स्वतः मांडून बघितला. रक्तातल्या द्रवाच्या एका लिटरमध्ये साधारण ७० ग्रॅम प्रोटीन असतं. गाळणीने ते अडवलं नसतं तर १८० लिटरबरोबर दिवसाला बारा किलोहून जास्त प्रोटीन पलीकडे गेलं असतं. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत १५० मिलिग्रॅमपेक्षाही कमी सापडतं. शिवाय त्यातला मोठा वाटा रक्तातून आलेलाच नसतो. युरोमोड्युलिन नावाचं ते प्रोटीन किडनी स्वतःच तयार करून लघवीत सोडते. हा हिशोब वहीत लिहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की लघवीत अल्ब्युमिन सापडणं म्हणजे केवढ्या चोख पहाऱ्यातून काहीतरी निसटणं आहे.

त्या पहाऱ्याचे तीन थर आहेत. आतला थर रक्तवाहिनीचा, त्याला सूक्ष्म भोकं. मधला एक दाट पडदा. आणि बाहेरून त्या वाहिनीला विळखा घालून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी. या पेशींचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात, दोन्ही हातांची बोटं गुंफावीत तसे, आणि दोन बोटांच्या मधल्या फटीत एक नाजूक जाळी ताणलेली असते. या जाळीतलं मुख्य प्रोटीन, नेफ्रिन, १९९८ साली सापडलं. फिनलंडमध्ये काही बाळं जन्मतःच प्रचंड प्रोटीन गमावत होती. त्यांच्यातला जनुकदोष शोधताना कळलं, की त्यांच्या गाळणीत ही जाळीच धड विणली गेलेली नसते. आणि पोडोसाइट पेशी गळून पडल्या तर शरीर त्या सहजासहजी नव्याने घडवू शकत नाही. हे वाचलं त्या दिवशी दादाच्या तिसऱ्या वर्षीच्या अधिकचिन्हाकडे पुन्हा बघायला माझं मन धजावेना.

वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि रक्ताचा वाढलेला दाब, दोन्ही मिळून या गुच्छातला दाब वाढवतात. पडदा जाड होत जातो, पण राखणीला कच्चा पडतो. अल्ब्युमिन पलीकडे झिरपायला लागतं. सुरुवातीला नलिकांच्या पेशी ते उचलून परत आत घेतात, पण मग त्यांनाच तो भार होतो, तिथे दाह होतो, आणि हळूहळू कामाच्या जागी नुसता वण उरतो. म्हणजे झिरपणारं प्रोटीन आजाराची खूण तर असतंच, पण आजार पुढे ढकलायलाही हातभार लावतं. आणि यातलं काहीच दुखत नाही. दादाच्या गुडघ्याने आम्हाला रात्र रात्र जागवलं. किडनीने पाच वर्षांत एकदाही हाक मारली नाही.

गुडघ्याचा उल्लेख मुद्दाम केला. त्या दुखण्यासाठी तो अधूनमधून वेदनाशामक गोळ्या घ्यायचा, स्वतःच्या मनाने, आणि शेवटच्या वर्षात जवळपास रोज. अशा बऱ्याच गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच दमलेल्या किडनीला ते सोसत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं आणि दादाने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ते पाकीट परत घरी आलं नाही.

लघवीतून रोग ओळखायची धडपड फार जुनी आहे. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या सूत्रांमध्ये, लघवीवर बुडबुडे राहिले तर किडनीचा आजार आहे आणि तो लांबणार, असं एक सूत्र आहे. पण मला जास्त जवळचा वाटतो तो लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला रिचर्ड ब्राइट. अंगावर सूज आलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. अल्ब्युमिन असेल तर ती पांढुरकी व्हायची, मग गोठायची. असे रोगी दगावले की त्यांच्या किडन्या उघडून बघायचा. सूज, तापवल्यावर गोठणारी लघवी आणि खराब झालेली किडनी या तिन्ही गोष्टी त्याने एकाच धाग्यात ओवल्या आणि १८२७ साली ते छापलं. पुढे शंभरएक वर्षं किडनीच्या आजाराला ब्राइटचा आजार म्हणत. मी त्या चमच्याचा विचार करते तेव्हा वाटतं, दोनशे वर्षांपूर्वी एक माणूस ज्योतीवर हात धरून जे बघत होता, ते आमच्याकडे छापील कागदावर आयतं आलं होतं.

आता चमच्याची जागा कागदी-प्लास्टिकच्या पट्टीने घेतली आहे. अशा पट्ट्यांची एक डबी मी आणली. पट्टी बुडवायची, कडेला टेकवून जादा थेंब निथळू द्यायचा आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबायचं. प्रोटीनचा चौकोन आधी पिवळा असतो. अल्ब्युमिन असेल तर त्याच्यातल्या रंगद्रव्याला चिकटतं आणि पिवळ्यात हिरवटपणा उतरतो. डबीवर रंगांची रांग छापलेली असते, पोपटीपासून निळसर हिरव्यापर्यंत. एक अधिकचिन्ह म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम दर १०० मिलिलिटरला, दोन म्हणजे १००, तीन म्हणजे ३००.

पहिली पट्टी मी माझ्याच लघवीत बुडवली आणि चौकोन हिरवा झाला.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्या मिनिटात कळलं. रात्रभर झोप नाही. सकाळी डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी शांतपणे विचारलं, "गेल्या दोन-तीन दिवसांत ताप होता का?" होता. दोन दिवस अंगात ताप होता, पाणीही पोटात फारसं गेलं नव्हतं. "पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, सकाळच्या पहिल्या लघवीत." पंधरा दिवसांनी चौकोन पिवळा राहिला, महिन्याने पुन्हा पिवळा. तापात, दमछाक होणाऱ्या व्यायामानंतर, शरीरातलं पाणी कमी झाल्यावर, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असताना, पाळीच्या दिवसांत नमुना दिला तर, अशी तात्पुरती अधिकचिन्हं उमटतात. काही वाढत्या वयाच्या मुलांमध्ये तर दिवसभर उभं राहिल्यावर प्रोटीन दिसतं आणि रात्री आडवं झाल्यावर नाहीसं होतं, म्हणून झोपून उठल्याबरोबरचा नमुना मागतात. किडनीचा जुनाट आजार म्हणायला बिघाड निदान तीन महिने टिकावा लागतो, तो याचसाठी.

म्हणून कुणी मला रिपोर्ट दाखवून घाबरल्या आवाजात "प्लस आलंय" म्हणालं, तर मी पहिलं हेच सांगते, की पुन्हा तपास. आणि कुणी "एकच तर प्लस आहे" म्हणून कागद घडी घालायला लागलं, तरीही हेच सांगते. दादाच्या 'ट्रेस'नंतर तीन महिन्यांत दुसरी तपासणी झाली असती, तर आज मी हे लिहीत नसते.

पट्टीला तिच्या मर्यादाही आहेत. खूप पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ असते, त्यात अल्ब्युमिन विरून जातं आणि पट्टी गप्प राहते. दाट लघवीत थोडंसंही जास्त दिसतं. अल्ब्युमिनखेरीजची काही प्रोटीनं, रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात येतात ती सुद्धा, तिला जवळपास दिसतच नाहीत. यावर उपाय म्हणजे एसीआर नावाची तपासणी. एकाच नमुन्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन दोन्ही मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, म्हणजे लघवी पातळ आहे की दाट याने फरक पडत नाही. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. ३०० च्या वर म्हणजे जास्तच. मधला जो पट्टा आहे, तो साध्या पट्टीच्या हातून बऱ्याचदा निसटतो, आणि वेळेवर काही करता येतं ते नेमकं तिथेच. मधुमेह्यांमधली ही थोडकी गळती पुढच्या मोठ्या गळतीची आणि अकाली मृत्यूचीही चाहूल देते, हे डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी १९८४ साली दाखवून दिलं. किडनीच्याच नाही, हृदयाच्या धोक्याचीही ही खूण आहे. आता मधुमेह असलेल्या माणसाने वर्षातून एकदा ही तपासणी करावी असं जगभर सांगितलं जातं. दादाची ती एकदाही झाली नव्हती. त्याच्या वार्षिक तपासण्यांच्या यादीत ती नव्हतीच, आणि मागायला हवी हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

दादाचं पहिलं एसीआर आलं ११४०.

तेव्हा कुठे आम्हाला बाकीच्या गोष्टी जुळवता आल्या. वहिनी म्हणाली, "मोजे काढले की पायावर वळ राहतात, मला वाटलं इलास्टिक घट्ट असेल." बोटाने दाबलं तर घोट्यावर खळगा पडायचा आणि सावकाश भरायचा. सकाळी पापण्या जड दिसायच्या. लघवीला फेस यायचा, तो पाणी ओतल्यावरही जायचा नाही. फेस येतो म्हणजे प्रोटीन जातंच असं नाही. जोरात धार पडली तरी येतो, भांड्यात साफसफाईचं द्रावण असलं तरी येतो. पण दिवसामागून दिवस, साबणाच्या फेसासारखा बसून राहणारा फेस दिसला तर एक नमुना द्यायला काय हरकत आहे?

नातेवाइकांना कळल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. सगळ्यांत जास्त मिळालेला सल्ला, "प्रोटीन जातंय ना, मग प्रोटीन खाणंच बंद कर." आणि त्याच्या उलटाही, "जातंय तेवढं भरून काढ, दुप्पट खा." दोन्ही ऐकून दादा आठवडाभर धड जेवला नाही. लघवीतलं अल्ब्युमिन खाण्यातून थेट तिथे पोचत नाही. ते यकृताने बनवलेलं, रक्तात फिरणारं प्रोटीन असतं आणि गाळणी सैल झाली म्हणून निसटतं. फार जास्त प्रोटीन खाल्लं तर दुखावलेल्या गाळण्यांवर ताण येतो हे खरं, पण खाणं तोडलं तर माणूसच झिजतो. किती खायचं हे वजन आणि किडनीची अवस्था बघून आहारतज्ज्ञ ठरवतात. मीठ मात्र निश्चित कमी करायचं, कारण त्याने दाब आणि सूज दोन्ही उतरतात, औषधंही जास्त चांगली लागू पडतात.

औषधांबद्दल मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. गुच्छात रक्त आणणारी एक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी एक. बाहेरची अरुंद झाली की आतला दाब चढतो. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या कुळातल्या गोळ्या ती बाहेरची वाट मोकळी करतात. बीपी तर उतरतोच, पण गुच्छातला दाब वेगळा उतरतो आणि गळती कमी होते. मधुमेहाने बिघडलेल्या किडनीचा ऱ्हास कॅप्टोप्रिलने मंदावतो हे १९९३ साली सिद्ध झालं, सार्टन गोळ्यांबद्दल २००१ साली. आणि साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गोळ्या, ज्या मधुमेहासाठी आल्या होत्या, त्या किडनीलाही जपतात असं २०१९ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलं. २०२० च्या चाचणीत तर मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही फायदा झाला. दादाच्या आधीच्या पिढीत हा आजार झालेल्यांना यातलं जवळपास काहीच मिळालं नव्हतं.

पण औषध सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.९ चं २.१ झालं. दादा हबकला. गोळ्या बंद करणार म्हणून हट्टाला पेटला. गाळणीतला दाब उतरला की सुरुवातीला आकडा थोडा वर जाणारच, ३० टक्क्यांपर्यंत वाढला तरी सहसा औषध थांबवत नाहीत, पोटॅशियम तेवढं तपासत राहायचं, असं डॉक्टरांनी कागदावर वाहिन्यांचं चित्र काढून समजावलं. ते चित्र त्याने पाकिटात ठेवलंय. किती माणसं अशा वेळी चित्र काढून देणारं कुणी न भेटल्यामुळे गोळ्या सोडत असतील, हा विचार मला सोडत नाही. उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात टिकेना, तर या गोळ्या चालू ठेवायच्या का हे लगेच फोन करून विचारायचं, हेही त्यांनी त्याच कागदावर लिहून दिलं.

मधुमेह आणि बीपी याखेरीजही कारणं बरीच आहेत. लहान मुलांचे डोळे सकाळी सुजतात, आई-वडील अॅलर्जी समजतात, आणि लघवीत चार-चार अधिकचिन्हं निघतात. त्यातली बहुतेक मुलं स्टेरॉइडने सावरतात, आणि त्यांच्या घरी रोज सकाळी पट्टी बुडवून वहीत लिहिणं हा नेम होऊन जातो. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर बीपी आणि प्रोटीन एकत्र वाढलं तर ती थांबायची गोष्ट नसते, त्याच दिवशी दाखवायचं.

आठ महिने झाले. क्रिएटिनिन १.९ ते २.० च्या मध्ये थांबलंय. गेलेलं परत मिळणार नाही हे दादाला ठाऊक आहे, मलाही. वेदनाशामक बंद, मीठ कमी, बीपी रोज सकाळी मोजून वहीत. मोज्यांचे वळ गेले. एसीआर ११४० वरून ७०० च्या घरात आलं.

काल पुन्हा नमुना द्यायचा होता. संध्याकाळी फोन वाजला. दादाने रिपोर्टचे दोन फोटो पाठवले होते. पहिला फोटो पान दोनचा होता, एसीआरभोवती त्याने स्वतःच निळ्या पेनने गोल केला होता. ४६०. खाली लिहिलं होतं, "हे आधी वाच, रक्ताचं मागून."